कुकरची शिट्टी, उतरलेला फ्रिज आणि बिलासखानी

सगळ्यात आधी काय ठरलं असेल तर हे, की कुकर लावायचा नाही.

म्हणजे गायिका ठरली होती, तारीख ठरली होती (१२ जानेवारी, रविवार, सोमवारी भोगी), हॉलमधला सोफा नेमका कुठे न्यायचा यावरून नवऱ्याबरोबर एक मध्यम आकाराचं भांडण पण होऊन गेलं होतं, आणि मग सासूबाई म्हणाल्या, अगं सकाळी साडेनऊला गाणं सुरू म्हणजे संपायला एक वाजणार, लोकं काय उपाशी घरी जाणार का? झालं. पंचवीस-सत्तावीस माणसांचं जेवण, गाणं चालू असताना, गाण्यापासून बारा फुटांवर. आमचा फ्लॅट कोथरूडमधला, टू बीएचके, स्वयंपाकघराला दार नाही, नुसती चौकट, कारण पाच वर्षांपूर्वी काम काढलं तेव्हा "मोकळं वाटेल" म्हणून ते दार मीच काढायला लावलं होतं. तेव्हा कुठे माहीत होतं घरात कधी बैठक करू म्हणून.

बाहेरून मागवा की, असं तुम्ही म्हणाल. नवरा पण तेच म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

तर मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो आणि पदार्थ लिहायच्या ऐवजी आवाज लिहायला लागलो. कुकरची शिट्टी, बाद. मिक्सर, अर्थातच बाद. फोडणी, तिचा आवाज एक वेळ चालेल पण ठसका? आलापी चालू आहे आणि आतून लाल मिरचीचा ठसका बाहेर आला तर पहिला बळी गाणाऱ्या बाईचाच जाणार, मागोमाग सगळा हॉल खोकत बसणार. भाकरी थापणं, तो तर उघड उघड तबलाच. स्टीलचे डाव, ओट्यावर आपटणारी झाकणं, सिंकमधे पडणारी भांडी. या यादीतून जे उरलं त्यातून मेनू तयार झाला. भोगीची भाजी आदल्या रात्रीच करून ठेवायची, तशीही ती मुरली की जास्त चांगली लागते. मुगाच्या डाळीची खिचडी कुकरमधे नाही, पातेल्यात, वर पाण्याची ताटली ठेवून, मंद गॅसवर, फोडणी लोकं यायच्या आत उरकून. कढी पहाटे, गाण्याआधी. लोणी आठवडाभर साय साठवून शुक्रवारी काढलेलं. तिळाच्या वड्या सासूबाईंनी बुधवारीच केल्या होत्या, त्यातल्या किती रविवारपर्यंत टिकल्या ते विचारू नका. आणि भाकऱ्या समोरच्या काकूंच्या घरी, मधे पॅसेज आणि दोन दारं. भाकरीवर आमचं जरा अडलं होतं, मी म्हणलं पोळ्या करून ठेवू, तर सासूबाई म्हणे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी नाही तर मग काय ती भोगी, न खाई भोगी तो सदा रोगी. भोगी सोमवारी आहे आई. मग आपण रविवारीच करू, देवाला काय कॅलेंडर लागतं का.

हे सगळं कशासाठी

थोडं मागे जाते.

माझे बाबा गाण्याचे वेडे. स्वतः गात नव्हते, म्हणजे बाथरूममधे पण नाही, पण मिरजेहून घेतलेला एक तानपुरा घरात होता, तून लाकडाचा, खाली सोलापूर-पंढरपूरकडचा तो मोठा भोपळा, आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की गवसणी काढून तो लावायचे, पंधरा-वीस मिनिटं नुसता छेडत बसायचे आणि परत गवसणी घालून ठेवून द्यायचे. आई म्हणायची, यांचं हे रोजचं काय, लग्नाला जायचं म्हणून कपडे घालायचे आणि लग्नाला जायचंच नाही. (मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मधे जीआय टॅग मिळाला ती बातमी वाचली तेव्हा बाबा हवे होते असं फार वाटलं.)

डिसेंबरात सवाई. मी कॉलेजला असताना, नव्वदच्या दशकात, रमणबागेच्या मैदानावर, भारतीय बैठकीचं तिकीट, घोंगडी, मफलर, चहाचा थर्मास. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ मधे सुरू केलेला महोत्सव हे आता पुण्यात जन्मलेल्या पोराला पण पाठ असतं, पण तेव्हा ते रात्रभर चालायचं हे आताच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. रात्री एक-दोनला कुणीतरी दरबारी घेऊन बसायचं आणि मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत, गाणं ऐकतीये का स्वप्नात ऐकतीये ते कळत नसायचं. आणि मग पहाट. पहाटेचे राग खरोखर पहाटे, थंडीत, आजूबाजूला लोकं घोंगड्यांतून डोकी बाहेर काढतायत, आणि मंडपाच्या कापडातून उजेड आत येतोय. भीमसेनजींचं गाणं शेवटी आणि सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली जुनी भैरवीची रेकॉर्ड, आणि तेव्हा एवढी माणसं असून कुणी खोकत पण नसे.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० नंतर स्पीकर बंद. नियम बरोबर आहे, आमच्या गल्लीत गणपतीत मीच त्या नियमाचे सगळ्यात जास्त आभार मानते, पण त्याच्यात रात्रीच्या रागांची आणि पहाटेच्या रागांची पंचाईत झाली. आता सवाई मुकुंदनगरला असतं, पाच दिवस असतं, मी जाते अजून, छान असतं, मोठाले स्क्रीन असतात. पण वर्षभराच्या मैफिली बघा, संध्याकाळी साडेसहा, सभागृह, म्हणजे यमन, पूरिया धनाश्री, मारूबिहाग, फार तर बागेश्री, आणि पावणेदहाला शेवटची भैरवी म्हणून बाहेर. सकाळची तोडी ऐकायची तर यूट्यूबवर, भांडी घासताना. दिवाळी पहाट असते पण तिथे बहुतेक भावगीतं आणि नाट्यगीतं, आणि मधेमधे निवेदक एवढं बोलतो की उजाडतं.

म्हणून मला सकाळची बैठक करायची होती. घरी. बिन-माइक. सकाळचा राग सकाळी, आणि गाणाऱ्याच्या घशातून निघालेला आवाज मधे काहीही न येता माझ्या कानात. एवढंच. फार मोठा काही हेतू नव्हता, म्हणजे "अभिजात संगीताचा प्रसार" वगैरे अजिबात नाही, माझा स्वार्थ.

फ्रिज उतरलाय

गायिका माझ्या मावसबहिणीच्या ओळखीतली, पस्तिशीच्या आतबाहेरची, जयपूर घराण्याची तालीम घेतलेली, अजून फार नाव झालेलं नाही आणि तिने तिचं नाव इथे लिहू नका म्हणलंय म्हणून लिहीत नाही. मानधनाचं आम्ही सरळ बोललो, एक रक्कम माझी पक्की, वर दाराशी एक पितळी डबा ठेवला, ज्याला जेवढं वाटेल तेवढं टाका, तो डबा तसाच्या तसा त्यांचा. घरगुती बैठक म्हणजे कलाकाराला शाल-नारळ आणि पोहे असं काही लोकांना वाटतं ते मला पटत नाही. असो.

ती आठला आली. बरोबर तबल्याला एक जण, पेटीला एक कॉलेजातला मुलगा, आणि मागे तानपुऱ्यावर तिची विद्यार्थिनी. मी पोहे केले होते, तर तिने चार घास खाल्ले, दही नको म्हणाली, आलं घातलेला कोरा चहा घेतला, आणि सासूबाईंनी आग्रह केल्यावर म्हणाली, आजी मी गायल्यावर किती खाते ते बघाच, आत्ता पोट भरलं तर श्वास खालपर्यंत जात नाही.

मग तानपुरे लागायला लागले, एक तिचा आणि एक बाबांचा. बाबांच्या तानपुऱ्याला नव्या तारा आधीच घातल्या होत्या पण तो वर्षानुवर्षं गवसणीत राहिलेला, रुसलेला होता. खुंटी पिळली की सरकायची, खडू लावला, मग मणी इकडे तिकडे, मग जवारीचा दोरा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, केसभर पुढे केसभर मागे. अर्धा तास गेला यात. मला वाटलं होतं लोकं कंटाळतील, काही लवकर आलेले होते, पण सगळे गप्प बसून तेच ऐकत होते. तो दोरा जागेवर बसला ना त्या क्षणी नुसत्या "टंग" असलेल्या तारेतून एकदम तो भुंग्यासारखा गुंजारव सुटला, आणि सासूबाई आतून बाहेर आल्या, हातात डाव. काय झालं? म्हणे. काही नाही, तानपुरा लागला.

आणि तेव्हा ती बाई डोळे मिटून बसलेली, भुवई वर करून म्हणाली, "ताई, तुमचा फ्रिज जरा बंद करता का? उतरलाय."

मला वाटलं बिघडलाय असं म्हणतीये. नाही, सुरात उतरलेला. नंतर माझ्या इंजिनिअर दिराने गणित करून दाखवलं ते असं, की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आमच्या जुन्या फ्रिजसारख्या मोटारवाल्या वस्तू घूं करतात तो आवाज साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा, वरच्या सप्तकात २००, आणि तिची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा सा २०७ च्या थोडं पुढे. म्हणजे आमचा फ्रिज गेली बारा वर्षं तिच्या सा च्या जरासा खाली सा लावून बसलाय. हे ऐकून मला आमच्या फ्रिजबद्दल जरा वाईटच वाटलं, इतका जवळ येऊन राहिला बिचारा. केला बंद.

सुरुवातीलाच भैरवी?

साडेनऊचे पावणेदहा झाले. सत्तावीस माणसं. पॅसेजमधे चपलांचा ढीग, नवरा त्याचा स्वयंघोषित इन्चार्ज. गाद्या, दोन सतरंज्या, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी भिंतीकडेला खुर्च्या. पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट तबल्यावर येत होतं म्हणून तबलजी म्हणाला पडदा ओढा, नाहीतर कातडं ताणून तबल्याचा सूर चढतो.

तिने सा लावला आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. म्हणजे सा च. मग कोमल रिषभाला नुसतं हात लावल्यासारखं करून परत. मग कोमल गंधार, तो सरळ नाही, झोक्यावर बसल्यासारखा. माझ्या शेजारी आमच्या सोसायटीतले एक काका, रिटायर्ड, सकाळी सहाला चहा-बिस्किटावर निघालेले असणार, त्यांना गाण्यातलं बऱ्यापैकी कळतं, म्हणजे कळतं असं त्यांना वाटतं, ते माझ्याकडे झुकून कुजबुजले, "सुरुवातीलाच भैरवी? म्हणजे जेवण लवकर आहे वाटतं."

मला हसू आवरेना. त्यांचं चुकलं पण तसं अगदीच चूक नव्हतं, कारण ती गात होती बिलासखानी तोडी, आणि बिलासखानीचे स्वर भैरवीचेच, रे ग ध नी चारही कोमल, कागदावर लिहिले तर एकच. फरक सगळा चालण्यात. भैरवीला सगळीकडे मुक्त फिरायला परवानगी, लाडकी लेक आहे ती. बिलासखानीने तोडीची शिस्त पाळायची, कुठे थांबायचं, कुठून वळायचं, कुठल्या स्वराला किती वेळ द्यायचा, जरा पाय घसरला की भैरवी होते. त्यामुळे हा राग ऐकताना सारखं असं वाटत राहतं की बाई दोन इमारतींमधल्या दोरीवरून चाललीये आणि खाली भैरवी आहे. याच्यामागची दंतकथा पण सांगतात, तानसेन गेल्यावर त्याचा मुलगा बिलासखान पार्थिवासमोर तोडी गायला बसला, दुःखात स्वर इकडचे तिकडे झाले आणि हा राग झाला. खरं-खोटं तानसेनाला माहीत. पण त्या रागात रडू आवरून धरलेल्या माणसाचा जो आवाज असतो ना, तो आहे.

काय सांगू कसं वाटलं. मला गाण्याचं समीक्षण वगैरे लिहिता येत नाही आणि जे लिहितात त्यांचं वाचून मला कधी काही ऐकू आलेलं नाही. पण काही गोष्टी ज्या माइकवर कधीच कळल्या नव्हत्या त्या सांगते. तान घ्यायच्या आधी ती जो श्वास घ्यायची तो ऐकू येतो. तो ऐकू आला की आपण पण नकळत श्वास घेतो, आणि तान संपेपर्यंत आपला पण सुटत नाही, सगळ्या खोलीचा सुटत नाही, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की सत्तावीस माणसं एकदम "हां" करून सोडतात. डग्ग्याचा घुमारा कानाला कमी आणि मांडीला जास्त कळतो, गादीतून. आणि तानपुरा. सभागृहात तानपुरा म्हणजे मागे कुठेतरी असतो, असतो म्हणून असतो. इथे तो पाण्यासारखा होता, ती त्यात पोहत होती, आणि एखाद्या जागी गंधार असा लागला की आतल्या आत तारेतून पण तोच ऐकू आल्याचा भास, दोघं एकमेकांत विरघळले आणि क्षणभर कळेना कोण गातंय. बाबांचा तानपुरा होता तो. मी रडले की नाही हे इथे लिहिणार नाही.

अशा वेळी घंटागाडी आली.

पुण्यात ती काय गाणं वाजवत येते ते मी सांगायला नको. नवरा चपलांच्या ढिगावरून उड्या मारत खाली. ती थांबली, चिडली नाही, फक्त हात मांडीवर ठेवून हसली, तबलजीने ठेका हळू चालू ठेवला, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत चार-पाच आवर्तनं गेली आणि मग जिथे सोडलं होतं तिथूनच तोच गंधार परत उचलला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत पण काका म्हणाले "क्या बात है" आणि यावेळी त्यांचं बरोबर होतं.

काकूंचा ठेका

सव्वाअकराला चहा झाला, मग तिने थोडा वेळ लोकांशी गप्पा मारल्या, आणि बाराच्या सुमाराला शुद्ध सारंग. ऐन दुपारचा राग. दोन्ही मध्यम. बाहेर ऊन कडक झालेलं, पडद्याच्या फटीतून एक पट्टा सतरंजीवर, आणि तो तीव्र मध्यम लागला की त्या उन्हाच्या पट्ट्याला धार आल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी सभागृहात हा राग कुणी गायलं तरी ते ऊन आणणार कुठून?

त्याच वेळी समोरच्या काकूंकडे भाकऱ्या चालू झालेल्या. बाजरीचं पीठ त्यांनी शनिवारी संध्याकाळी दळून आणलं होतं, जुनं पीठ कडू होतं आणि विरी गेलं की भाकरी थापताना कडेने फाटते. दोन गॅस, दोन तवे, काकू आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, पन्नासच्या वर भाकऱ्या. दोन्ही दारं लावलेली. पण तुमच्या लक्षात येत असेल की ज्या घरात फ्रिज बंद आहे, पंखे बंद आहेत, मोबाईल एका परडीत गोळा केलेत आणि माणसं श्वास धरून बसलीत, तिथे दोन दारं म्हणजे काहीच नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतला तीनताल चालू, आणि लांबून, एकदम लांबून, थप थप थप थप. थांबते. थप थप थप थप.

मी अर्धमेली झाले. उठून सांगायला जावं तर मधे पाच माणसं ओलांडायची. तबलजीने मान तिरकी करून ऐकलं, गायिकेकडे बघितलं, तिने पण ऐकलं होतं, आणि तिने त्याला डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं असणार कारण पुढच्या आवर्तनात तो पार कमी झाला, नुसता बोटाने ठेका, आणि ती थप थप बोलू दिली. त्यावर तिने एक छोटीशी सरगम टाकली. हॉलमधे हास्याची एक लाट गेली, आणि आमच्या लेकीने, जिला शास्त्रीय संगीत "स्लो" वाटतं आणि जी फक्त ताटं वाढायला थांबली होती, तिने परडीतला मोबाईल काढला नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मग खिचडी. पातेल्यातली खिचडी शिजत आली की वरच्या ताटलीच्या कडेने वाफ सुटते आणि तूप-जिऱ्याचा, मिऱ्याचा, मुगाच्या डाळीचा असा एक वास. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं चालू असताना तो हॉलमधे आला. ठसक्याचा विचार केला, आवाजाचा केला, वासाचा कुणी केलाच नव्हता. काकांनी डोळे मिटले, ते गाण्याने का खिचडीने देव जाणे. भैरवी (यावेळी खरीखुरी) झाली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि ती संपल्यावर कुणी हललं नाही, बराच वेळ, तानपुरे चालूच होते, मग त्या विद्यार्थिनीने आधी एक थांबवला, मग दुसरा. आणि आतून सासूबाई, "पानं घ्यायची का?"

ताटात

पंगत त्याच गाद्यांवर, गाद्या गुंडाळून सतरंज्यांवर. खालचे आजोबा, जे कानाला कमी ऐकू येतं म्हणून गाण्याला आले नव्हते, ते जेवायला बरोबर आले.

भोगीची भाजी म्हणजे, ज्यांच्याकडे करत नाहीत त्यांच्यासाठी, थंडीत जे जे बाजारात येतं ते ते एकत्र. वांगी, गाजर, घेवडा, पावटा, मटार, सोलाणे म्हणजे ओला हरभरा, ओल्या शेंगांचे दाणे. तिळाचं कूट, दाण्याचं कूट, थोडा गोडा मसाला, चिंच, गूळ. लेकुरवाळी भाजी पण म्हणतात, एवढी पोरंबाळं घेऊन आलेली. सासूबाईंचं एक म्हणणं असतं की यातली एकही भाजी गळून गेलेली नको आणि एकही कच्ची नको, म्हणून पावटा-हरभरा आधी, मग गाजर, वांगी सगळ्यात शेवटी, आणि ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं. रात्री साडेअकराला त्या कढईएवढ्या पातेल्याला धरून हलवत होत्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, मला हात लावू देत नव्हत्या. तिळकुटाने रस्सा दाट झालेला, वर तेलाचा तवंग नाही, गोडाची एक बारीक लकेर आणि मागून चिंच. चव पहिल्या घासाला नुसती "हं बरी आहे" अशी येते आणि तिसऱ्या-चौथ्या घासाला कळतं की आता थांबणं अवघड आहे.

भाकऱ्या टोपल्यात फडक्यात गुंडाळून आल्या, तीळ लावलेली बाजू वर, तीळ भाजून टचटचीत. फ्रिज सकाळपासून बंद असल्यामुळे लोणी नेमकं जसं व्हायला हवं तसं, बोटाने पसरेल इतकं मऊ झालेलं. एरवी दगडासारखं निघतं आणि भाकरी फाटते.

गायिकेने शब्द पाळला. तीन भाकऱ्या. मग खिचडी, कढी, परत भाजी. सासूबाई समोर बसून वाढत होत्या आणि त्यांचा चेहरा असा झालेला की मला वाटतं सकाळच्या बिलासखानीचं त्यांनी जे ऐकलं त्याची दाद त्या आत्ता देत होत्या, अजून एक, अजून एक, लोणी घे गं.

काकू भाकऱ्या संपवून, हातपाय धुऊन, साडी बदलून जेवायला आल्या आणि म्हणाल्या, मला काही ऐकायलाच मिळालं नाही. तबलजी म्हणाला, "काकू, आम्हाला तुमचं सगळं ऐकू आलं. हात तयार आहे. फक्त सम जरा चुकत होती."

आणि मग काकांनी तो भैरवीचा विषय काढलाच, सगळ्यांसमोर, की मला खरंच भैरवी वाटली हो. तेव्हा त्या तबलजीने फार छान सांगितलं, की काका हे पुष्कळ ठिकाणी आहे, आता भूप आणि देसकार बघा, तेच पाच स्वर, सा रे ग प ध, पण भूप संध्याकाळचा, गंधारावर जीव, खालच्या अंगाने चालतो, आणि देसकार सकाळचा, धैवतावर बसतो आणि वरच वावरतो. तेच स्वर म्हणून तोच राग असं नाही. सासूबाई कढी वाढत होत्या, त्यांना गाण्यातलं फार नाही कळत, त्या म्हणाल्या, "त्यात काय. चिंच, गूळ, गोडा मसाला आमटीत पण तेच आणि भरल्या वांग्यात पण तेच." आणि पुढच्या ताटाकडे गेल्या. तबलजी हातातला घास तसाच धरून बसला. मग म्हणाला, हे मी आता क्लासमधे सांगणार.

सासूबाईंना विचारलं नंतर, तुम्हाला गाणं आवडलं का. म्हणाल्या, त्या मुलीने घाई केली नाही ते आवडलं.

मागचं आवरणं

पाचपर्यंत लोकं होती. डब्यात अपेक्षेपेक्षा बरे पैसे निघाले, एकाने पाचशेची नोट आणि चुकून किराणाचं बिल पण टाकलेलं. दोन चपला बदलल्या गेल्या, त्यातली एक जोडी अजून आमच्याकडेच आहे, काळी, बाटाची, आठ नंबर, ओळखत असाल तर कळवा. सोफा परत जागेवर नेताना दुसरं भांडण झालं. बाबांचा तानपुरा मी गवसणीत घातला नाही, तसाच कोपऱ्यात उभा ठेवलाय, येताजाता तारेला बोट लागतं. लेक परवा त्याच्यासमोर बसलेली दिसली, मी काही बोलले नाही, बोललं की उठून जाईल.

आणि फ्रिज. तो चालू करायचं साफ विसरले. रात्री साडेदहाला दूध ठेवायला दार उघडलं तर आत अंधार. दूध नासलं नव्हतं, थंडी होती म्हणून वाचलं, पण फ्रीजरमधल्या बर्फाचं पाणी खालपर्यंत आलेलं. ते सगळं पुसलं, बटण दाबलं, आणि तो घूं करून सुरू झाला.

उतरलेलाच आहे. बारा वर्षांत एकदाही ऐकू आला नव्हता, आता रोज येतो.